रातराणीला काळोख हवा

“झाडाला काही रोगबिग नाही, काका. उलट चांगलं माजलंय,” नर्सरीवाली गुडघ्यावरची माती झटकत उठली. “खायला काय घालता याला?”

“काय नाही घालत ते विचारा,” काका म्हणाले.

फाटकाजवळची रातराणी पुरुषभर वाढली होती. पानांनी गच्च, पण कळी नावाला नाही. लावली त्या वर्षी फुलली होती, तेवढीच. काकांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि बंद पडलेली वस्तू चालू होत नाही हे त्यांना सहनच व्हायचं नाही. नर्सरीत खेपा घालून घालून त्यांनी या नर्सरीवालीला एकदाचं घरी आणलं होतं.

तिने खत थांबवायला सांगितलं, त्याने नुसता पाला सुटतो म्हणाली. मुळाशी पाणी साचत नव्हतं. ऊन भरपूर होतं. छाटणीही वेळेवर होत होती. सगळं जागच्या जागी. मग तिने मान वर केली. फाटकाच्या खांबावर, बरोबर झाडाच्या डोक्यावर, एक मोठा दिवा होता. त्याची काच लख्ख पुसलेली होती.

“हा रात्रभर असतो?”

काकांनी घराच्या दाराकडे पाहिलं.

“असतो,” चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या. “सकाळी मीच बंद करते.”

“मग सापडला की चोर! अहो, रातराणीला कळी धरायला काळोख लागतो. तुम्ही तर हिच्या डोक्यावर सूर्य टांगून ठेवलाय.”

ती हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

“दिवा राहणार,” काकू म्हणाल्या. कप तिच्या हातात देऊन त्या आत निघून गेल्या.

काका तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले.

“रातराणी आमच्या मुलाने लावलेली,” तिथे पोचल्यावर ते म्हणाले. “माझ्याशी भांडून गेला तो. मीच तोंडाने बोललो होतो, पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस म्हणून. त्या रात्रीपासून ही दिवा लावते. अंधारात आला तर घर दिसावं म्हणून.”

“येईल हो, काका. राग काय आयुष्यभर राहतो?”

“नाही येणार.” काकांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिले. “गेल्या वर्षी दुकानात फोन आला. तो काम करायचा तिथून. अपघात झाला म्हणाले. आमचा ठावठिकाणा सापडेपर्यंत त्यांनी सगळं उरकून टाकलं होतं. माझ्या पोराचं तोंडसुद्धा मला बघायला मिळालं नाही हो.”

नर्सरीवालीने मागे वळून घराकडे पाहिलं.

“आणि काकू?”

“तिला कळू देऊ नका. जगायची नाही ती. बिचारी अजून वाट बघतेय.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “रोज दुकान बंद करून येतो. इथून तो दिवा दिसतो आणि पुढे पाऊल उचलत नाही. झाडाचं निमित्त करून तेवढा बंद करायला लावा. मी सांगितलं तर तिला वाटेल, बापाने पुन्हा दार लावून घेतलं.”

दोन दिवसांनी काका दुकानात असताना ती पुन्हा आली. काकू अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

“काकू, तुमच्या लेकाने लावलेलं झाड आहे. एकदा फुलू दे की.”

काकूंचा हात थबकला.

“यांच्यासमोर त्याचा विषय काढू नका हं. छातीचं ऑपरेशन झालंय यांचं.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “दिवा बंद केलेला चालेल त्यांना?”

“त्यांनीच तर बोलावलं मला. झाड फुलावं असं फार आहे त्यांच्या मनात.”

“रोज येताना आधी दिव्याकडे बघतात. गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात, मान खाली घालतात, मग येतात. मला स्वयंपाकघरातून दिसतं ना.” काकूंनी ओला शर्ट झटकला, दोरीवर टाकला, चिमटे लावले. काकांचाच शर्ट होता. “त्यांना चालत असेल तर माझी ना नाही.”

आपण या म्हातारीला फसवतोय, असं नर्सरीवालीला वाटलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. त्या संध्याकाळी फाटकावर दिवा लागला नाही.

पुढे बरेच दिवस काही खबर आली नाही. मग एक दिवस काकांचा फोन आला, “या, बघायला या!” ती दिवेलागणीला गेली, तर वास गल्लीच्या तोंडाशीच सामोरा आला. फाटकाजवळ अंधार होता आणि त्यात झाड फुलांनी नुसतं लगडलं होतं. काकांचा चेहरा कितीतरी हलका दिसत होता. बसायला खुर्ची आणतो म्हणून ते लगबगीने आत गेले.

काकू झाडापाशी उभ्या होत्या. त्यांनी एक फांदी ओढून हुंगली.

“तुमचे फार उपकार झाले, बाई. त्या बटणाकडे हात जात नव्हता माझा. वर्षभर कसा लावला दिवा, माझं मला ठाऊक.”

“म्हणजे?”

“त्याचा एक मित्र पत्ता शोधत आला होता गेल्या वर्षी. हे दुकानात होते. पोराचा स्वेटर माझ्या हातात दिला आणि रडायलाच लागला. काय ते समजले मी. कपाटात अगदी तळाला ठेवलाय तो.”

आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. काकूंनी घाईघाईने डोळे पुसले आणि नर्सरीवालीचा हात घट्ट धरला.

“यांना कळू देऊ नका हं. बिचारे अजून वाट बघतायत.”