पितळीतले दोन थेंब

रुखमानं कुरखेड्याच्या जंगलातून वेचलेल्या पळसाच्या बिया संशोधक मॅडमनी कुटल्या, स्वतःचं बोट टोचून काचेवर रक्ताचे दोन थेंब ठेवले. पहिला मिठाच्या पाण्यात पसरला. दुसरा बियांच्या रसात नासलेल्या दुधासारखा फाटला. “बघा रुखमाबाई, यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन रक्ताच्या पेशी एकमेकींना चिकटवतं,” मॅडम हरखून म्हणाल्या. सकाळीच रुखमानं जंतांवर लेकीला याच बिया गुळातून चारल्या होत्या. ती घराकडे धावत सुटली. पोर घरापुढच्या सपरीत निपचित पडलेली. रुखमानं तिच्या बोटाला काटा टोचला, थेंब पितळीत धरला. “काऊन टोचलं, माय?” पोर किंचाळली. थेंब घट्ट होऊ लागला. “देवा, गोठून राह्यलं!” रुखमा पुटपुटली. तिनं आपलंही बोट टोचलं, दुसरा थेंब शेजारी ठेवला. तिनं तर बिया खाल्ल्या नव्हत्या, तरी तोही तसाच घट्ट झाला, तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.