तोंड चालू ठेवा

"तर बिबट्या, पाठीवर साखरेचं पोतं आन् मागनं शेठ आला," कुंडलिक उसाला सांगत होता. "मी वळलो, तर पोतं शेठच्या पायावर."

उसातून काहीच उत्तर आलं नाही. कुंडलिकने गवताची आणखी एक मूठ विळ्याखाली घेतली आणि पुढचं सांगू लागला.

बोलत राहण्याची ताकीद सरूबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची. "उसाच्या कडंला गवत कापताना तोंड चालू ठेवा. मानसाचा आवाज आला की बिबट्या लांब ऱ्हातो," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शेत कुंडलिकच्याच नावावर होतं. पण उभा जन्म मुंबईत, मशीद बंदरच्या गोदामात पोती वाहण्यात गेलेला. गावी यायचा तो यात्रेला नाहीतर गणपतीला, पाहुण्यासारखा. आता काम सुटलं म्हणून तो कायमचा आंबेगावात आला होता, आणि स्वतःच्याच वावरात नवखा गडी होऊन बसला होता. म्हैस त्याला जवळ येऊ देत नव्हती. कुत्रं भुंकायचं. "घरचंच हाय रं," असं सरूबाई कुत्र्याला सांगायची, पण जरा विचार करून.

कुंडलिक मुळात अबोल. लग्न झाल्यापासून तो बायकोशी जेवढं बोलला, ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. पण बिबट्यापुढे कुणाचं चालतं! पहिल्या दिवशी त्याने मारुतीस्तोत्र म्हटलं. ते अर्धंच येत होतं. मग एसटीचे थांबे म्हणून झाले: घोडेगाव, मंचर, पेठ, खेड, चाकण. तेही संपले तेव्हा नाइलाजाने तो स्वतःबद्दल बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेचना.

"थोरली लेक झाल्याची तार आली तवा मी जिन्यात बसून रडलो, बिबट्या," त्याने एकदा सांगितलं. "कुनाला बोललो न्हाई. गोदामात पेढं वाटलं आन् पोती उचलली."

खानावळीतल्या पातळ डाळीपुढे बसून मासवडी आठवायची, हेही त्याने सांगितलं. त्या रात्री घरी मासवडी होती. गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगितलं, तर उशाशी कोमट तेलाची वाटी. गावची हवा आपल्याला मानवली, असं म्हणून कुंडलिकने गुडघे चोळले.

सरूबाई रोज सकाळी विहिरीकडच्या कांद्यात खुरपायला जाते म्हणून सांगून निघायची. त्या कांद्यात गवत मात्र वीतभर वाढलं होतं. कुंडलिकला ते जाता-येता दिसायचं. पण शेतीतलं आपल्याला काय कळतं, म्हणून तो त्यावर बोलला नाही.

काल शीलाचा विषय निघाला होता. "खानावळीत वाढायला शीला म्हनून बाई व्हती. माझ्या ताटात एक चपाती जास्तीची पडायची. एकदा भर पावसात ती छत्री घिऊन गोदामाच्या दारात..." एवढ्यात भारा भरला. भारा भरला की बिबट्याशी काम संपायचं. कुंडलिक भारा डोक्यावर घेऊन घरी गेला. रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं.

आज मात्र त्याला खरं ते सांगायचं होतं. शेठने वॉचमनची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती. उद्या पहाटेच्या एसटीने निघालं तरच ती मिळणार होती. पिशवी भरून ठेवलेली होती. बायकोला सांगणं तेवढं राहिलं होतं.

"मी जातो, बिबट्या," तो म्हणाला. "हितं माझी कुनाला गरज न्हाई. तिला समदं येतं. मला तर आपली म्हस बी वळखत न्हाई. तिनं एकदा नुसतं ऱ्हावा म्हनलं असतं, तर..."

डोळ्यात गवताचं कुसळ गेलं असावं असं समजून त्याने बाहीने डोळे पुसले.

बांधावर एम-एटी थांबली. शेजारचा सावळेराम होता.

"कुंडलिकभाऊ, कुनाशी बोलताय?"

"बिबट्याशी."

"कंच्या?"

"ह्या उसातल्या."

सावळेरामने गाडी बंद केली. "अवो, तुमी यायच्या आधीच घावला की तो. आखाडातच. फारेस्टवाल्यांनी पिंजऱ्यातनं नेला. पिंजऱ्यात बांधायला शेळी बी सरूवैनींनीच दिली व्हती. तवापास्नं हितं साधं मांजर फिरकलं न्हाई."

"आसं," कुंडलिक म्हणाला.

"मंग काय! बिनघोर गप कापा," असं म्हणून सावळेराम गाडीला किक मारून गेला.

कुंडलिक विळा हातात धरून उभा राहिला. उसाचा पट्टा काही फार रुंद नव्हता. चार सऱ्या, त्यांच्या पलीकडे पाटाचा बांध. त्याला मासवडी आठवली. तेलाची वाटी आठवली. कांद्यातलं वीतभर गवत आठवलं, आणि सगळ्यात शेवटी आमटी आठवली. वारा पडला होता, तरी चौथ्या सरीतलं एक पाचट हललं.

बायकोशी असलं बोलायची त्याला सवय नव्हती. बिबट्याशी होती. त्याने घसा खाकरला.

"बिबट्या," तो उसाकडे बघून मोठ्याने म्हणाला, "मी जाऊ का ऱ्हाऊ?"

चौथ्या सरीतलं पाचट पुन्हा हललं. कुंडलिकने विळा खाली ठेवला.

"ऱ्हावा," ऊस म्हणाला. "पन आधी त्या शीलाचं पुढं काय झालं ते सांगा."