ढोलकाची डावी बाजू

गाडीत खडखडणाऱ्या जागा नऊ निघाल्या. चार दरवाजे, मागची काच, काचेखालची फळी, डिकीतला जॅक, नंबर प्लेट आणि पुढच्या डाव्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल.

चेतना फोनवरून एकच जाड सूर सोडत होती आणि तो हळूहळू चढवत एकेका पत्र्यावर तळवा दाबून पाहत होती. तळव्याखाली खडखड थांबली की जागा सापडली. शेजारचा प्रबुद्ध तिच्यामागून खडूने फुल्या मारत होता. तो गाड्यांच्या म्युझिक सिस्टीमचं काम करायचा. आज रविवार म्हणून घाटकोपरच्या त्यांच्याच गल्लीत, विहाराच्या भिंतीला गाडी लावून दोघं कामाला लागले होते.

प्रबुद्धने डिकीतून कंपनीचा सबवूफर, म्हणजे जाड सुरांचा स्पीकर, काढून हातावर तोलला.

"हा काय सबवूफर आहे यार? पापड आहे पापड."

"म्हणून तर बदलतोय ना."

"पण तुला कशाला गं एवढा बेस? वरात काढायचीय गाडीतून?"

"नानांना ऐकवायचंय. आईचं गाणं."

प्रबुद्धने पापड हळूच खाली ठेवला.

नानांची, तिच्या वडिलांची, उमर कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी गेली होती. कानांतले वरचे सूर आधी गेले, मग मधले. कानातलं यंत्र नुसतं शीळ घालायचं, म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं. तपासणीत डॉक्टरांनी चेतनाला दाखवलं होतं: अगदी खालचे सूर तेवढे थोडे शिल्लक आहेत. जे शिल्लक आहे तिथून आईला आत न्यायचं, असं तिने त्याच दिवशी ठरवलं होतं. आई, म्हणजे मालन, जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. तिचं एकच गाणं उरलं होतं, जयंतीच्या स्टेजवरचं, जुन्या कॅसेटवरून फोनमध्ये उतरवलेलं. मालन गायला, नाना ढोलकावर.

दरवाजांची आतली पॅनल उतरवून त्यांनी पत्र्यावर डांबरासारख्या जाड शीट चिकटवल्या. नंबर प्लेटमागे फोम, जॅकभोवती जुनी सतरंजी, बक्कलाला कापडी पट्टी. नवा सबवूफर डिकीत बसला. चेतनाने पुन्हा तोच सूर सोडला. गाडी नुसती घुमली. कुठे काही वाजलं नाही.

"झकास," प्रबुद्ध म्हणाला. "आता बोलव नानांना."

नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. "सकाळपासून काय ठोकताय रे?" ते ओरडूनच बोलायचे. "झाली का नीट गाडी?"

चेतनाने त्यांना पुढे बसवलं, काचा वर केल्या आणि त्यांच्या तळहातावर बोटाने लिहिलं: आई.

नानांनी मूठ मिटली.

तिने गाणं लावलं. सुरुवातीला मालन एकटीच होती, लांब, न थरथरणारा आलाप. नाना समोरच्या काचेकडे बघत बसले होते.

"अगं, लाव की!" ते म्हणाले.

आलाप संपला आणि ढोलक आला. सीट हलली. नाना दचकले, मग त्यांची बोटं आपोआप गुडघ्यावर पडायला लागली.

"ढोलक!" ते हसत ओरडले. "हा मी हाय! माझाच हात. डावी बाजू बघ कशी बोलतीय!"

बाहेरून प्रबुद्धने काचेवर टकटक करून अंगठा दाखवला. नानांनीही दाखवला. चेतना रडत होती आणि हसत होती.

नाना वाजवत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी मान उजवीकडे कलती केली. स्टेजवर मालन त्या बाजूला बसायची, आणि तिने कडवं उचलायच्या आधी ते असेच बघायचे. त्यांची बोटं एका आवर्तनापुरती थांबली. मग आणखी एका.

"उचल की," ते पुटपुटले.

गाण्यात मालनने कडवं केव्हाच उचललं होतं. ती सगळ्यात वरच्या ओळीवर होती.

नाना चेतनाकडे वळले. "मालन का गात नाही गं? मी एकटाच वाजवतोय."

सबवूफर शंभर हर्ट्झच्या वरचं काही वाजवत नाही. चेतनाने सकाळी स्वतःच ती मर्यादा लावली होती. ढोलकाची डावी, जाड बोलणारी बाजू त्यात पुरती मावत होती. आईचा आवाज दोनशेच्या खाली कधी उतरलाच नव्हता.

तिने घाईघाईने बेस पार उतरवला. दरवाजांतले स्पीकर शेवटपर्यंत वाढवले. बंद काचांतूनही आवाज गल्लीभर गेला. विहाराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या बायकांनी हातातलं काम थांबवून वर बघितलं. त्यातली एक उभी राहिली. "मालन गं," ती म्हणाली. प्रबुद्धने गाडीकडे पाठ केली.

नानांनी गुडघ्यावरचा हात उचलून मांडीवर उताणा ठेवला.

"आता ढोलक पण गेला," ते म्हणाले.

चेतनाने फोनवर आवाज मोजायचं ॲप उघडलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. मालन गात होती. पडद्यावर आकडा होता: सत्त्याण्णव डेसिबल.