भिंतीला हात

प्रगतीने पलंग पुढे ओढला आणि मागच्या भिंतीवर नवऱ्याच्या डोक्याचा तेलकट गोल सापडला. चांगला ताटलीएवढा. तिने अमरदीपला हाक मारून तो दाखवला. भीमजयंती तोंडावर आली आहे, घराला रंगच देऊन टाकू, असं तो म्हणाला. रंग कशाला, हात मोडलेत का माझे, असं म्हणून तिने त्याला बादली भरून आणायला पिटाळलं.

तेलंगणातल्या नेरडीगोंड्याला हायवेलगतच त्यांचं घर. दिवसरात्र ट्रक जातात आणि धूळ आत येते. पण धुळीशी प्रगतीचं भांडण नव्हतं, ती रोज पुसली जाते. तिचं वैर दडून बसलेल्या मळाशी. दाराची वरची कड, फ्रिजच्या दाराचं रबर, पंख्याची पाती, मिक्सरचं बूड. शाळेत शिकवताना ती अक्षरावरून पोरं ओळखायची आणि घरात डागावरून माणसं. स्वयंपाकघरातल्या बटणावरची हळद तिची स्वतःची होती, तेवढी तिने गुपचूप पुसली. कपाटावरचे खोबरेल तेलाचे ठसे लेकीचे, शुभांगीचे. "भिंतीले हात लावू नका" हे या घरात इतक्यांदा बोललं जाई की येणारे पाहुणेही हात आवरून बसत.

शेवटी ती सासऱ्यांच्या, तिच्या मामाजींच्या, खोलीत शिरली. धोंडीबांनी उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात सालदारी केली. त्यावर अमरदीप शिकला, मंडल ऑफिसात कारकून झाला आणि हे घर उभं राहिलं. सासू गेल्यावर त्यांना गावाहून इथे आणलं होतं. आता ते अंगणात खाटेवर बसले होते.

प्रगतीने फडकं पिळलं आणि बघतच राहिली. पुसायला काही नव्हतंच. पलंगाजवळची भिंत कोरी करकरीत. बटणं दुकानातून आणल्यासारखी. दाराची चौकट सुताराने लावली तशीच. तिला इतका आनंद झाला की तिने बापलेकीला बोलावून घेतलं आणि सुनावलं, शिका जरा माझ्या मामाजींकडून, एवढं वय झालं पण कुठे एक डाग नाही. बापलेकीने काढता पाय घेतला.

फडकं घेऊन ती न्हाणीकडे वळली आणि दारातच थबकली. गेल्या महिन्यात मामाजी इथेच पडले होते. हाड वाचलं होतं, पण डॉक्टरांनी तेलुगूत बजावलं होतं की पुन्हा पडले तर अंथरूण धरतील, चालताना भिंत धरायची. मामाजींनी मान हलवली होती. ते रोज हातापायांना तेल चोळतात. अशा हातांनी माणूस महिनाभर भिंत धरून चालतो आणि भिंतीवर एक बोटही उमटत नाही, हे कसं व्हावं? आपण कशाचं कौतुक करून आलो, ते तिला कळलं. मामाजी भिंत धरतच नव्हते.

ती तरातरा अंगणात गेली. डॉक्टरांचं बोलणं समजलं नव्हतं का, असं तिने विचारलं. सगळं समजलं होतं, असं धोंडीबा म्हणाले.

"मंग भिंत काऊन धरत नाही, मामाजी? पुन्हा पडाचं हाय का?"

धोंडीबा ओशाळं हसले. "मालकाच्या घरी माहा हात भिताडाले लागला त मालकीण तेवढं भिताड पुन्हा मातीनं पोतारून घे, बाई. तवापासून आंग चोरूनच चालतो. आन तुहं घर त लय साजरं हाय. खराब कराले जीव होत नाही."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर प्रगतीला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. तुहं घर, म्हणाले. ज्यांच्या घामावर या भिंती उभ्या राहिल्या ते या घरात चोरासारखे चालत होते, आणि ती मात्र उठताबसता त्या मालकिणीचंच बोलणं बोलत होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि म्हाताऱ्याची अपार माया आली. तिने पदराने डोळे पुसले, त्यांना धरून आत आणलं आणि त्यांचा हात भिंतीवर ठेवला. तवा तापला की नाही ते पाहावं तसा त्यांनी तो टेकवला आणि लगेच काढून घेतला.

सवयच ती, अशी मोडते थोडीच. प्रगतीने घरातल्यांना हटकणं बंद केलं. सकाळ-संध्याकाळ ती मामाजींना न्हाणीपर्यंत भिंतीच्या कडेकडेने चालवू लागली. ते तिच्या समाधानापुरता हात टेकवत, आणि ती वळली की पुन्हा खोलीच्या मधोमध चालत. रात्री काही पडल्याचा आवाज आला की प्रगतीचा जीव उडून जाई.

जयंतीच्या दिवशी मिरवणूक दारावरून गेली. बँड सुरू झाला तसे धोंडीबा पांढरे कपडे घालून पुढच्या दारात येऊन उभे राहिले. गल्लीतली पोरं नाचत होती, शुभांगी त्यांच्यात होती. ते तिला पाहत किती तरी वेळ उभे होते. मिरवणूक पुढे गेली, ते आत जाऊन पडले.

अमरदीप दार लावायला आला तर चौकटीवर, खांद्याच्या उंचीवर, अख्खा पंजा उमटलेला. तेलकट, पाचही बोटं स्पष्ट. आता सणाच्या दिवशी बोलणी नकोत, म्हणून तो लगबगीने ओलं फडकं घेऊन आला. प्रगतीने मागून येऊन त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "घरमालकाचा हात हाय तो."