संघपालचे केस

"गोळी बंद करा," डॉक्टर म्हणाले. "ते दुसरं बहुतेकांचं हळूहळू रुळावर येतं. केस मात्र जातील."

संघपालने मान हलवली. केस उगवायची गोळी कुणाच्या सल्ल्याने सुरू केली, या प्रश्नाला त्याने "मोबाइल" एवढंच उत्तर दिलं होतं. काही जणांना असा त्रास होऊ शकतो, हे पाकिटातल्या कागदावर छापलेलं होतं. त्याने ते वाचलंही होतं. "काही जण" म्हणजे आपण नव्हे, असं धरून त्याने कागदाची घडी घालून परत ठेवली होती. आयुष्यात कशातच निवड न झालेला माणूस इथे मात्र पहिल्या फटक्यात निवडला गेला.

दवाखान्याबाहेर औरंगपुऱ्याच्या गर्दीत तो गाडीवर नुसताच बसून राहिला. शेंद्र्याच्या कंपनीत तो क्वालिटीला होता. दिवसभर लोकांच्या मालात खोट काढायची आणि रात्री पोट दुखतंय म्हणून बायकोकडे पाठ करायची, असं चार महिने चाललं होतं. लग्नालाही चारच महिने झाले होते. पोटदुखीवर विशाखाने ओवा दिला, हिंग दिला, गेल्या आठवड्यात तर वांगंच बंद केलं. वांग्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

टक्कल होतं तेव्हा सात मुलींनी त्याला नकार दिला होता. केस आल्यावर आठवीने होकार दिला, ती विशाखा. आता केस गेले तर ती कशावर राहणार, हे त्याला कळेना. आणि केस राखले तर ती कशासाठी राहणार, हेही कळेना. त्याला ती फार आवडायची. पंचाईत खरी तीच होती.

पडेगावला तो घरी पोचला तेव्हा विशाखा मेथी निवडत बसली होती. तो समोर फरशीवर बसला. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरला. चार काड्या निवडल्या, त्यातही पानं टाकली आणि देठ ठेवले.

"माझं पोट दुखत नव्हतं," तो म्हणाला.

मग गोळीचं, केसांचं आणि त्या दुसऱ्याचं त्याने एका दमात सांगून टाकलं. सांगताना तो मेथीकडेच बघत होता. "गोळी सोडली की परत टक्कल पडणार. तुला फसवल्यासारखं झालं. माहेरी जायचं असंल तर मी नाय म्हणणार नाय."

विशाखाचे हात थांबले. ती त्याच्या डोक्याकडे बघत राहिली.

"म्हंजे हे खरे हायत व्हय?"

"काय?"

"केस."

तिने हात पुढे केला, मूठभर केस धरले आणि ओढले. संघपाल कळवळला. केस जागेवरच राहिले.

"आमच्या गोजरमावशीनं स्थळ सुचवताना तुमचा जुनाच बायोडाटा पाठवला होता," ती म्हणाली. "टकलाचा फोटो असलेला. मी त्यालाच व्हय म्हणलं. मग तुम्ही बघायला आलात तर डोक्यावर हे. मला वाटलं, विग हाय."

संघपालचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"म्हणलं, लाजत असतील. कशाला दुखवा. म्हणून तुमच्या डोक्याला कधी हात लावला नाय. तुम्ही हेल्मेट काढताना मी तिकडं बघत नव्हते." तिचा आवाज जरा बारीक झाला. "जवळ आलं की विग निघंल, म्हणून लांब झोपत असताल, असंच वाटायचं. मी आपली रोज लवकर लाइट बंद करायचे, की अंधारात तरी तुम्ही तो काढून ठेवताल."