फोटो काढा

अ‍ॅप वापरायला सोपं कसं करावं, यावरची पुस्तकं शाल्मलीने ऑफिसात सगळ्यांना वाचायला लावली होती. 'खात्री आहे का?' असं विचारून माणसाला भंडावू नये, हा त्यातला तिचा लाडका धडा. आज फोटोंचं तिचं मराठी अ‍ॅप वापरून बघायला आत्या आली होती.

आत्याने वारलेल्या यजमानांचा उरलेला एकुलता एक फोटो उघडून दाखवला. "आता तू हास बघू, तुझाही काढते," म्हणत तिने खालचं 'फोटो काढा' दाबलं.

शाल्मली फोनकडे झेपावली. ते बटण तिने फोटो काढून टाकायला ठेवलं होतं. टाकलेला फोटो परत आणायची सोय पुढच्या महिन्यात येणार होती.

"अगं," रिकाम्या पडद्यावर बोट फिरवत आत्या म्हणाली, "हे कुठे गेले?"