चकतीची जागा

झोपेच्या तपासणीसाठी आईच्या छातीवर एक गरम चकती चिकटवली होती. सुई न टोचता, कातडीवरूनच रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी. टेक्निशियन बाई ती काढून दंडावर लावायला आली, तसा थोरला तिच्यावर खेकसला, “आत्ता कुठे तिचा डोळा लागला होता! सारखी उचलबांगडी कशाला? राहू द्या की एका जागी!”

“एकाच जागी फार वेळ ठेवली की चटका बसतो. थोड्या थोड्या वेळाने हलवावीच लागते,” बाई म्हणाली.

“कारणं सांगू नका. म्हाताऱ्या माणसाला नुसतं छळताय तुम्ही!” धाकट्यानेही हात धुऊन घेतले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे भाऊ आज पहिल्यांदाच एका बाजूने भांडत होते.

आईने डोळे उघडले आणि दंड बाईपुढे केला.

“तिच्यावर कशाला ओरडता रे? तीन महिने झाले की तुम्हीही माझं बोचकं उचलून एकमेकांच्या दारात टाकताच की. माझा कसला चटका बसतो तुम्हाला?”